एकादशी किसनच्या वाट्याला

३ मार्च, सोमवार

पंपाचा बेल्ट आणायला शहागडला गेलो. बेल्ट मिळाला नाही, किसन मिळाला. फाट्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग, सगळीकडे धूळ, आणि हा बाबा हॉटेलच्या बाकड्यावर चहा समोर ठेवून ट्रक बघत बसलेला. रिटायर झाला तरी खोड जात नाही. एक ट्रकवाला चढाला चुकीचा गिअर टाकत होता तर हा बाकड्यावर बसून क्लच दाबत होता.

मी कंडक्टर, तो ड्रायव्हर. जालना, अंबड, शहागड, कधी बदनापूरकडची फेरी. निम्मी नोकरी एकाच गाडीवर गेली आमची. गाडीत तो मला दत्त्या म्हणायचा, गावात शिरलं की दत्ताराव. आज फाट्यावर दत्त्या म्हणाला.

"दत्त्या, औंदा सप्त्यात एक पंगत मला पायजे. सरूच्या नावानं."

सरू त्याची बायको. दिवाळीच्या आधी गेली. मी म्हणालो, "दे की, त्यात विचारायचं काय?" बोलून गेलो आणि मग उगाच चहा फुंकत बसलो. आमच्या मारुतीच्या सप्त्यात किसनच्या वस्तीतल्या कुणाची पंगत आजवर झालेली नाही. वर्गणी घेतात, लाकडं फोडायला बोलावतात, अंगण सारवायला बोलावतात. पण पंगत ज्याची, त्याच्या घरचा हात कणकेला लागतो, पहिलं वाढणंही त्याचंच. तिथवर त्यांच्यातलं कुणी आलेलं नाही. कुणी मागितलंही नव्हतं.

सरूबाई दरवर्षी मांडवाखालची जमीन सारवायची. एकदा किसनला म्हणाली म्हणे, एवढं सारवते, एकदा इथं माझ्या हातचं गाव जेवलं पाहिजे. हे त्यानं आज सांगितलं. जाण्याआधी तिनं कोठीतला गहू निवडून ठेवलाय, लिंबाचा पाला घालून. तो त्यानं अजून दळला नाही.

"तेवढ्यात गाव जेवणार न्हाई. बाजारचा मिसळीन. पण आधी तिचा. बट्टी आन् वरण करू. बट्टी मला येते, तिनंच शिकवली."

मी म्हणालो, मी बघतो. कमिटीत मी आहे, माईक माझ्याकडे असतो. बघतो.


६ मार्च, गुरुवार

सौ.ला सांगितलं. ती पोळीला तेल लावत होती, लावतच राहिली.

"तुमाला काय वाटतं, देतेन ते?"

मी म्हणालो, जमाना बदललाय. तिनं तव्यावरची पोळी उलटली. सप्त्यात पोळ्यांचं सगळं तिच्याकडे. कोण मळेल, कोण लाटेल, कोण भाजेल, सगळं सुमनबाईच्या शब्दावर. तुळशीची माळ आहे गळ्यात. भजनी मंडळातल्या बायका तिच्याशिवाय परात हलवत नाहीत.

रात्रपाळीला, दिवसपाळीला आमचे डबे एकत्रच सुटायचे. माझा त्याच्यापुढे, त्याचा माझ्यापुढे. किसनला सौ.ची शेपूची भाजी लागायची, मला सरूबाईचा ठेचा. किसनकडून ऐकून सरूबाईनं एकदा निरोप पाठवला, "सुमनबाईला सांगा, भाजीत मीठ कमी हाये, हात आखडता काहून घेता." सौ. दोन दिवस धुसफुसत होती. मग तिसऱ्या दिवशी डबा देताना म्हणाली, "इचारा तिला, आज मीठ बराबर हाये का." मग ते चालूच राहिलं. मी आणि किसन नुसते टपालवाले. दोघींनी एकमेकींच्या हातचं कधी चाखलं नाही. सांगायचो आम्ही, भांडायच्या त्या.

सरूबाई गेली त्या दिवशी सौ.नं स्वयंपाक उशिरा केला. भाजीत मीठ नव्हतं. मी तसंच खाल्लं.


१६ मार्च, रविवार

देवळात बैठक. नाना अध्यक्ष, माझे चुलतभाऊ. दिवस वाटायचं काम होतं. मी किसनचं नाव घेतलं.

कोणी नाही म्हणालं नाही. हे लिहून ठेवतो. एकानंही नाही म्हटलं नाही. एकानं पंखा मोठा करायला सांगितला, एकानं मोबाईल पाहिला, एक जण थुंकायला बाहेर गेला तो परत आलाच नाही. मग नाना म्हणाले, "किसन आपलाच माणूस. त्याला कोण न्हाई म्हन्तंय? पण दिवस तर भरले ना दत्ता."

भरले नव्हते. माझ्यासमोर भरले. शेजारच्याचं नाव, मग त्याच्या मेव्हण्याचं, मग नानांच्या सुनेच्या माहेरचं. डोळ्यांदेखत सीटवर रुमाल टाकत गेले.

चिडून बाहेर आलो. नाना मागून आले, खांद्यावर हात. "ताणू नको. लोकं जेवायला आलेच न्हाई तर त्या किसनचीच शोभा व्हईल. तुला पायजे का तसं?"

मी चपला शोधून निघून आलो. त्याचा राग अजून आहे, नानांवर की माझ्यावर, कोण जाणे.


२१ मार्च, शुक्रवार

किसन रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर येतो. आज विचारलं नाही त्यानं. मीच म्हणालो, चालू आहे बोलणं. तो म्हणाला, "घाई न्हाई." मग आम्ही मोसंबीवर बोललो. झाडं सुकायला लागलीत, आत्ताच टँकर लागेल असं दिसतं. सौ.नं दोघांना चहा दिला. ओट्यावरचे कप वेगळे नाहीत आमच्यात, तेवढं मी नोकरीला लागल्यावरच मोडून काढलं होतं. किसन मात्र पिऊन झाला की कप स्वतः धुऊन ठेवतो. सांगून सांगून थकलो.


३० मार्च, पाडवा

जमलं!

गुढी उतरवायच्या आधी नानांकडे गेलो. यादी बघितली. एकादशी मोकळी. सप्ता शनिवारपासून, एकादशी मंगळवारी पडते. त्या दिवशी चूल पेटत नाही, पंगत नाही, नुसता फराळ. केळी, मोसंबी, शेंगदाणे. दरवर्षी कमिटीच करते, तो दिवस कोणी घेत नाही.

म्हणालो, नाना, एकादशी किसनला द्या.

नाना हसले. महिन्याभरात पहिल्यांदा मोकळे हसले. "हे बराबर बोल्लास. फळाला काय, फळ कुणाचंबी चालतं. घ्या म्हनाव. माईकवर नाव बी घेऊ त्याचं."

येताना मनातल्या मनात दोन घंट्या दिल्या. गाडी निघाली एकदाची. आजवर जे झालं नाही ते झालं. त्यांच्या वस्तीतल्या माणसाला सप्त्यात दिवस मिळाला, मांडवात नाव पुकारलं जाणार. पुढच्या वर्षी पंगत मिळेल. हळूहळूच होतं हे सगळं. एकदम टॉप गिअर टाकला की गाडी बंद पडते. किसनला हे सांगायची गरज नाही.

सौ.ला सांगितलं. श्रीखंड वाढताना थांबली.

"आन् गव्हाचं?"

म्हणालो, गव्हाचं नंतर बघू. आधी दिवस तर मिळाला.


३१ मार्च, सोमवार

किसनकडे गेलो. दारात बाज टाकून बसला होता. रेखाची, त्याच्या मुलीची, जुनी सायकल उलटी करून चाक फिरवून बघत होता. रेखा जालन्याला दवाखान्यात नर्स आहे, सायकल कोण चालवणार आता.

मी सगळं नीट सांगितलं. एकादशी, फळं, मांडवात नाव, पुढच्या वर्षाचंही सांगितलं. तो चाक फिरवत होता. चाक थांबू दिलं.

"बरं, दत्ताराव."

एवढंच. मी म्हणालो, मोसंबी माझ्या बागेतली घे, तू फक्त केळी आण. तो म्हणाला, "न्हाई, मी आणतो सगळं." उठून पाणी दिलं मला.

माणसानं थोडं तरी खूश व्हावं. मी कुणाकुणाच्या दाढ्या धरल्या. घरी येऊन सौ.वर विनाकारण ओरडलो, गुढीचा तांब्या अजून बाहेर का म्हणून.

आत्ता लिहिताना लक्षात आलं. दारात आम्ही दोघंच होतो, तरी तो दत्ताराव म्हणाला.


३ एप्रिल, गुरुवार

किसन आला नाही ओट्यावर. कालही नाही, परवाही नाही. सौ. तीन कप चहा करते, एक परत भांड्यात ओतते.

मी जाणार नाही. मी काय वाईट केलं?


५ एप्रिल, शनिवार

सप्ता बसला. माईक माझ्याकडे. पहिली पंगत नानांची, बुंदी होती. किसनच्या वस्तीतल्या बायकांनी मांडव सारवला. सरूबाईच्या जागी तिची जाऊ होती, तिला कोपरे जमत नाहीत. पंगतीत ती माणसं शेवटी बसली, नेहमीसारखी, देवळाच्या मागच्या बाजूला. त्यांना कोणी तिथं बसा म्हणत नाही. पानं तिथं मांडलेली असतात.

हे दरवर्षी बघतो. यंदा बुंदी पानात तशीच ठेवून उठलो.


६ एप्रिल, रविवार

रामनवमी. सौ.ला घेऊन जांबला रामाच्या दर्शनाला गेलो. गर्दी, ऊन. दर्शनाच्या रांगेत सगळे पुढच्याच्या पाठीला चिकटून, कोण कुणाचा काही पत्ता नाही. सौ. म्हणाली, "इथं बरं हाये, कुणी कुणाला वळखत न्हाई." येताना एस.टी. मिळाली. नवीन पोरगा ड्रायव्हर, ब्रेक फार मारतो. किसन असता तर...

सौ.नं खिडकीतून बाहेर बघत विचारलं, "सरूनं गहू कव्हा निवडला असंल? ती तर आजारी होती."

बसून निवडला असेल. मला काय माहीत.


७ एप्रिल, सोमवार

रेखा आली जालन्याहून, दोन दिवसांची सुट्टी काढून. बापाबरोबर केळीचे घड उतरवून घेत होती. मला बघून पदर नसताना पदर घेतल्यासारखं केलं, लहानपणापासूनची सवय.

म्हणालो, रेखा, तुझा बाप माझ्यावर रुसलाय का गं?

"न्हाई काका. तुमच्यावर कशाला रुसतेन? तुमी एकलेच तर बोललात आमच्यासाठी." घड खाली ठेवून म्हणाली, "मायनं आजारात गहू निवडला. मी म्हन्ले, माय, मशीनवर करून आणते. तर म्हन्ली, गावाच्या दाताखाली खडा यायला नको."

काही काम आठवल्यासारखं करून निघालो.


८ एप्रिल, मंगळवार. एकादशी

सगळं व्यवस्थित पार पडलं असं नाना म्हणतात. लिहितो, जमेल तसं.

दुपारी भजन संपल्यावर फराळ. किसन नवा सदरा घालून आला. रेखा, त्याचा भाऊ, भावजय, सगळे धुतलेल्या कपड्यांत. केळी पाट्यांत, मोसंबी मोठ्या परातीत, प्रत्येक फळ पुसून लख्ख केलेलं. मी माईकवर नाव घेतलं, आजच्या फराळाचे मानकरी. टाळ्यासुद्धा झाल्या. किसननं पहिलं केळ मारुतीपुढे ठेवलं आणि मग वाटायला उभा राहिला.

सगळ्यांनी घेतलं. एकही माणूस मागं राहिला नाही. ज्यांनी बैठकीत पंखा मोठा करायला सांगितला होता त्यांनी दोन-दोन घेतली. नाना मोसंबी सोलत म्हणाले, "किसन, फळ लय गोड हाये रे, कुठून आनलं?" रस हनुवटीवरून गळत होता त्यांच्या. किती सहज खात होते सगळे. तेव्हा मला ते दिसलं. ते किसनचं खात नव्हतेच. साल काढली की झालं.

माझ्या हातातली फोड तशीच राहिली.

लोक पांगल्यावर किसन देवळामागे साली गोळा करत होता. मी वाकलो मदतीला. तो म्हणाला, "राहू द्या." मी म्हणालो, किसन, आता तरी बोल.

साली पाटीत टाकत टाकत बोलला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"दत्ताराव, फळ झाडाचं. त्याच्यात माझं काय न सरूचं काय? तिचा हात गव्हाला लागल्ता. तुमाला मी फाट्यावर सांगितल्तं."

मग म्हणाला, "तुमी दिवस मिळवला न्हाई. तुमी त्यायला सुटका मिळवून दिली. आता दहा वर्सं म्हन्तेन, किसनला दिल्ता की दिवस."

मी हुशारी समजत होतो ती. नानांना तोंडावर नकार द्यायचं धाडस नव्हतं, ते काम मी फुकटात करून दिलं, वर पाडव्याचा मुहूर्त बघून. आणि घरी येऊन मनात घंट्या वाजवल्या. लाज वाटते लिहायला. पुसून टाकावंसं वाटतं, पण ठेवतो.

पाटी उचलून तो उभा राहिला. "उद्या बारस. लोकाला उपास सोडायचा असतो. मी माझ्या दारात चूल पेटवतो सकाळी. बट्टी, वरण, वांग्याची भाजी. माईकवर सांगता का तेवढं? न्हाई सांगितलं तरी चालंल."

संध्याकाळी हरिपाठ झाला. माईक घेतला. सांगितलं, जसा गाडीत थांबा सांगायचो तसं, स्वच्छ, मागच्या सीटपर्यंत. उद्या सकाळी बारस सोडायला गावातल्या सर्वांना किसनच्या दारात जेवणाचं आमंत्रण आहे, कै. सरूबाईंच्या नावानं. मी जाणार आहे.

पुढचे लोक टाळ गोळा करायला लागले. नाना हळूच म्हणाले, "बारस ज्याच्या त्याच्या घरी सोडायची असते दत्ता. तसा धर्म हाये." माझ्या हातून माईक घेतला, चांगल्या रीतीनं घेतला, आणि उद्याच्या कीर्तनाचं सांगायला लागले.

घरी सौ. वाती वळत होती. मांडवात पुढच्या रांगेत बसून तिनं सगळं ऐकलं होतं. नंतर म्हणाली, "मी तिथं जेवाया गेले तर उद्या मंडळातल्या बाया माझा हात कणकीला लावू देतेन का?"

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते मी देऊन उपयोग नव्हता.


९ एप्रिल, बुधवार. बारस, दुपार

जाऊन आलो.

सौ. अंघोळ करून देवापुढे बसली होती. म्हणालो, मी निघतो. ती म्हणाली, "जा." पायात चपला घातल्या तेव्हा स्वयंपाकघरात बघितलं. सकाळ होऊन इतका वेळ झाला तरी गॅस पेटवलेला नव्हता. चहासुद्धा नाही.

किसननं दार, अंगण, पुढचा रस्ता, वेशीपर्यंत सगळं सारवलं होतं. पट्ट्या अंथरल्या होत्या दोन्ही बाजूंनी, गाव मावेल एवढ्या. पानं मांडलेली, उडू नयेत म्हणून प्रत्येकावर खडा. शेणीच्या आरात, निखाऱ्यांवर, कणकेच्या बट्ट्या. तो वास वेशीच्या पलीकडं, आमच्या गल्लीपर्यंत जात असणार. उपाशी पोटी तो वास आला असेल सगळ्यांना.

वस्तीतली माणसं भिंतीला टेकून उभी. कोणी बसलं नव्हतं. किसन म्हणाला होता, आधी पाहुणे.

मी गेलो तसा तो चुलीजवळून उठला, हात पुसत. सगळ्यांसमोर म्हणाला,

"ये. बस दत्त्या."

मी बसलो. त्या एवढ्या लांब पट्टीवर एकटा. म्हणालो, वाढू नको, थोडं थांबू. थांबलो. एक मोटरसायकल आली, हळू झाली, वळून गेली. नानांचा नातू सायकलवर येऊन कोपऱ्यावर एक पाय टेकून उभा राहिला, मग त्याला घरून हाक आली. शाळेच्या बाजूनं दोन बायका घागरी घेऊन आल्या, डोक्यावरचा पदर पुढं ओढून लांबच्या वाटेनं गेल्या. त्यातल्या एकीचं बाळंतपण सरूबाईनं केलेलं, रस्ता पुराच्या पाण्यात बुडाला होता तेव्हा. मी नाव लिहीत नाही.

ऊन पट्टीवर आलं. आरातल्या बट्ट्या काढाव्या लागल्या, करपल्या असत्या. रेखा रडत होती, पण वरण ढवळायचं थांबली नाही.

मग मीच म्हणालो, किसन, मी काही पाहुणा नाही. सगळ्यांना बसव आता. तो कितीतरी वेळ वेशीकडे बघत राहिला. गाडी सुटायची वेळ झाल्यावर आरशात मागचा रस्ता बघायचा, कोणी पळत येतंय का, तसा. मग म्हणाला, "बसा रे." वस्ती बसली, माझ्या दोन्ही बाजूंनी. पहिली बट्टी किसननं कुस्करली माझ्या पानात, वरून वरण, तूप.

गव्हात एकही खडा नव्हता.

जेवलो. पोट भरून जेवलो आणि प्रत्येक घास जड गेला. निम्म्याहून जास्त अन्न उरलं. माझ्या चार टाळ्यांसाठी मी त्याला एकादशी मिळवून दिली नसती, मांडवातल्या पंगतीसाठी अडून बसलो असतो, तर निदान नकार तरी मांडवात, सगळ्यांच्या तोंडावर झाला असता. हा असा त्याच्या दारात, उन्हात झाला नसता.

निघताना किसन आत गेला आणि एक डबा घेऊन आला. तीन कप्प्यांचा, स्टीलचा. "वहिनीचा हाये. शेवटच्या ड्यूटीला बदलून आल्ता माझ्याकडं. सरू दर दिवाळीला घासून ठेवायची, म्हनायची, द्यायचा राहिला." झाकणावर कोरलेलं होतं, सौ. सुमन. आत बट्टी, वरण, भाजी भरलेली.

"वहिनीला जबरदस्ती करू नको," म्हणाला. "नुसता घरी ने."


तोच दिवस, संध्याकाळ

भजनी मंडळातल्या दोघी दुपारी आल्या होत्या, देवळातल्या पंगतीच्या पोळ्या करायला बोलवायला. सौ.नं सांगितलं, गुडघा दुखतोय. गुडघा दुखत नाही तिचा. त्यांनी विचारलं म्हणे, "दत्ताराव कुठं जेवले?" सौ. म्हणाली, "तुमाला ठावं हाये."

देवळातही गेली नाही, किसनकडेही गेली नाही, घरातही काही केलं नाही. कालच्या फराळानंतर पोटात काही नाही. मी म्हणालो, दोन घास खिचडी टाकू का मी? मान हलवली, नाही.

डबा मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी ठेवला होता. तिनं आधी बघितलंच नाही असं दाखवलं. मग झाडताना थांबली. उचलला. झाकण पदरानं पुसलं, नावावरून बोट फिरवलं.

"ह्यो डबा मी किती हुडकला."

मी म्हणालो, सरूबाईनं ठेवला होता.

ओट्यावर घेऊन बसली. मांडीवर डबा. समोर रस्ता, सगळे जाणारे-येणारे बघतात. आत बसली असती तर कुणाला कळलं नसतं. मी तसं म्हणालोही नाही.

मग विचारलं, माझ्याकडे न बघता, "मीठ बराबर हाये का?"

म्हणालो, तूच बघून सांग. निरोप मी पोचवतो.

तिनं कडीवर अंगठा ठेवलाय. देवळात हरिपाठाचे टाळ सुरू झाले, बायका तिला हाक मारायला कोपऱ्यापर्यंत आल्यात, चालताना त्यांच्या बांगड्या ऐकू येतात. मी दारात बसून लिहितोय. डबा अजून उघडलेला नाही. आत नेऊनही ठेवलेला नाही.